तू राखलेली अब्रू

प्रिय केतकी,

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. टोकियोच्या कोर्टात न्यायाधीश आले, एक वाक्य वाचलं, उठले आणि आत गेले. माझा चष्मा अजून केसातच होता. शेजारी बसलेली नसीमा मला हळूच विचारते, आंटी, कब शुरू होगा? तिला मी सांगितलं की संपलं, तू हरलीस. आपल्याकडे निकाल लागेपर्यंत माणूस म्हातारा होतो अशी टिंगल मी पुण्याच्या कोर्टात स्टेनो असताना जन्मभर केली. पण आपला न्यायाधीश माणसाला बुडवण्याआधी निदान घसा तरी खाकरतो.

आश्रय नाकारल्याविरुद्धचा तिचा दावा का फेटाळला, ती कारणं तिच्या वकीलबाईंनी बाहेर बाकावर बसून सांगितली. तीन वर्षांपूर्वी आश्रय मागताना इमिग्रेशनच्या कचेरीत जी मुलाखत झाली, त्यात नसीमा म्हणाली होती की पोलीस चौकीत तिला "वाईट वागवलं". कोर्टात, दुसऱ्या दुभाष्यामार्फत, ती म्हणाली की नवरा मोर्चात पुढे होता म्हणून तिला उचललं आणि चौकीत तिघांनी तिच्यावर बलात्कार केला. सरकारी वकील म्हणाले, गोष्ट वाढत गेली आहे. न्यायाधीशांना ते पटलं. एवढी मोठी गोष्ट खरी असती तर बाई पहिल्यांदाच बोलली असती. जबाब तिला वाचून दाखवला होता आणि खाली तिची सही आहे. दुसरा पुरावा तिने कुठून आणायचा? नवऱ्याचा ठावठिकाणा नाही, आणि असली कामं करणारे दाखला देत नाहीत. सगळा भार तिच्या शब्दावर होता. आणि तिचा शब्द तुझ्या तोंडातून गेला होता.

तो दिवस मला लख्ख आठवतो. तू तेव्हा निशी-कसाईत राहायचीस, दुभाष्याचं काम नवीनच मिळालं होतं. मुलाखतीनंतर ही बाई स्टेशनवर एकटीच भांबावून उभी दिसली, म्हणून तू तिला हिगाशी-कसाईला आमच्याकडे चहाला आणलंस. तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली होतीस. रात्री मी माझ्या विनयला म्हटलं, माझ्या बहिणीने पोरगी चांगली वाढवली. ते मी मागे घेत नाही, म्हणून तर जास्त चीड येते.

तेव्हापासून ती माझ्याकडे येत राहिली. काम करायला बंदी, परवानगीशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात जायला बंदी. माझा कचरा ती माझ्यापेक्षा कसोशीने वेगळा करते. बाटल्या चुकीच्या दिवशी बाहेर गेल्या तर तेही आपल्या फायलीला लागेल, अशी तिला धास्ती. माझी नात, विनयची मिताली, तिच्याशी जपानीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघींचं मजेत चालतं. परवापासून ती बॅग भरून दाराशी ठेवते. परत पाठवलं तर विमानतळावर कोण उभं असेल ते तिला नावानिशी माहीत आहे.

निकालाच्या संध्याकाळी मी तुला कोबेला फोन केला. तू नाकबूल गेली नाहीस, हे तुझ्या बाजूने नोंदवते. म्हणालीस, मावशी, समोर सगळे अनोळखी पुरुष, मला ते बोलवेना. आपल्यात असं उघड कोणी बोलतं का. मी तिची अब्रूच राखली. जबाब परत वाचून दाखवतानाही तू हिंदीत "बदसलूकी" म्हणालीस आणि तिने मान डोलावली. का नाही डोलावणार? तुझी आजी एखादीबद्दल "तिच्या बाबतीत वाईट झालं" एवढंच म्हणायची आणि अख्खं घर गप्प व्हायचं. आपल्या बायकांना तेवढ्यात सगळं कळतं. जपानी फायलीला कसं कळणार? तिच्या लेखी कोणीतरी उद्धटपणे वागलं, बस.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला पोटाला पोट म्हणायचीही चोरी ठेवली होती. तरी कोर्टात साक्षीदार बाई जे बोलली तेच मी टाइप केलं, तिच्याच शब्दांत, कान लाल झाले तरी. माझ्या लाजेला तिच्या जबाबात जागा नव्हती.

आणि नसीमा? ती अजून तुला दुवा देते. तिची समजूत अशी, की दीदीने सगळं सांगितलं, लिहिणाऱ्याने गाळलं. कोर्टातही तेच म्हणाली. निकालात त्यावर शेरा आहे की दुभाष्यावर ढकलणं सोपं असतं.

फोन ठेवताना तू खरं ते बोललीस. तुझ्या नवऱ्याचा, केदारचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज विचाराधीन आहे, अशा वेळी त्याच कचेरीच्या विरुद्ध कागद नको. त्यानंतर माझ्या निरोपांना वाचल्याची खूण येते, उत्तर येत नाही. गुप्ततेची शपथ मला सांगू नकोस. ती तिच्या रक्षणासाठी होती, तुझ्या नाही.

म्हणून हे पत्र, रजिस्टर्ड, पोच घेऊन. अपील ३१ तारखेच्या आत दाखल व्हायचं आहे. मला तुझ्याकडून एक पान हवं आहे, जपानीत, सहीसकट: ती काय म्हणाली आणि तू काय सांगितलंस. वकीलबाईंचा पत्ता सोबत आहे. सोमवार, २७ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत ते तिथे पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर माझा जबाब जाईल, तू फोनवर जे बोललीस तो शब्दन् शब्द, केदारच्या अर्जासकट. ऐकीव पुरावा आहे, त्याचं वजन किती ते मला तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण त्यात तुझं नाव पूर्ण असेल, आणि टाइप करताना मी एकही शब्द सभ्य करणार नाही. फोन करू नकोस. लेखी उत्तर दे.

सोमवारी पाचपर्यंत तरी तुझीच,
प्रभामावशी