कोयते

तलवाडा,
९ एप्रिल २०२५

चि. बजरंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आमची टोळी ऊसतोडीहून पाडव्याआधीच परत आली. सगळे सुखरूप आहोत. फोनवर तू 'हां, हूं' करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

गावात तुझाच बोलबाला आहे. सरपंचाच्या रविराजने 'शूर जवान' म्हणून तुझा बॅनर छापून आणलाय. त्यावर त्याचाच फोटो तुझ्याहून मोठा आहे, ते सोड.

जेवतोस ना वेळेवर? झोप लागते का?

आता विचारतेच. तुमच्या तुकडीने पिकअपवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, ते टीव्हीवर दाखवलं. 'घुसखोर होते, हत्यारं सापडली' म्हणाले. हत्यारं म्हणून मांडले होते ते कोयते, बजरंग. आई बघताच म्हणाली, "आगं, मुठीला ट्यूबची पट्टी बांधलीय, हाताला फोड येऊ न्हाई म्हनून. ही तर आपल्यावानीच कष्टाची मान्सं हायती." दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायका रडताना दिसल्या. मजूर होते, कामावरून घरी निघालेले. चौकशी चालू आहे म्हणतात, पण गोळी कुणी घातली ते कुणीच सांगत नाही. आईला तेव्हापासून घास गिळवत नाही.

रामकिसनमामा आठवतो ना? परमुलखात पोलिसांनी टोळीच्या ट्रॅक्टरवर गोळी झाडून त्याला मारलं, तेव्हाही कोयतेच दाखवले होते. सगळं गाव रस्त्यावर बसलं. तू सुट्टीवर आला होतास. माइक ओढून ओरडलास, "गोळी घालनाऱ्याचं नाव सांगा, तवाच मयत उचलू!" रविराज तुझ्या शेजारीच होता. परवा त्याला आठवण करून दिली, तर म्हणतो, "ते येगळं, अक्का. मामा आपला हुता."

तू तिथे होतास का? तुझ्या हातून झालं का? तुला गप्प बसवत असतील, नोकरीची भीती घालत असतील. तुझं काय होईल या धास्तीने मीही जागीच असते.

आईने बॅनर चौकात लावू दिला नाही. गुंडाळून गोठ्यात ठेवलाय, वर मामाचा कोयता ठेवलाय. म्हणते, "आदी पोरगं बोलू दे."

तर बोल. चौकशीत नाव सांग. दुसऱ्याचं असलं तर सांग, तुझं असलं तरी सांग. नाव कुणाचंही निघो, घराचं दार तुला उघडंच आहे.

तुझ्या शब्दाखातर मामाची मयत अडवून बसलेली,
तुझी अक्का,
मंगल