चूलबंद आवतण

हसनाबाद,
१२ एप्रिल २००२

प्रिय भुजंग,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. शाळेत गुरुजींनी पत्र असंच सुरू करायला शिकवलं, ती हाताची सवय मोडली नाही एवढंच. माझा राग गेलेला नाही. दीड वर्षात तो तसूभरही कमी झाला नाही, आणि हे पत्र संपेपर्यंत वाढला तर मला नवल वाटणार नाही. फोन मुद्दामच केला नाही. इथल्या एसटीडी बूथवर मागे चार माणसं कान टवकारून उभी असतात, आणि तुला जे ऐकवायचंय ते मला गावाला ऐकवायचं नाही. शिवाय न पटणारं कानावर आलं की तू फोन मध्येच ठेवतोस. पत्र मध्येच ठेवलंस तरी ते तुझ्या टेबलावर पडून राहील आणि तुझ्याकडे बघत बसेल.

बातमी आधी सांगते. मंगलचं ठरलं. मुलगा जालन्याचा. जुन्या जालन्यात त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे, माणसं बोलायला-चालायला नीट आहेत. लग्न वैशाखात, अक्षय्य तृतीयेला, इथेच, आमच्या खळ्यावर. तुझ्या सख्ख्या भाचीचं लग्न तुला पोस्टमनकडून कळतंय. बोलणी झाली तेव्हा मामा नव्हता, सुपारी फुटली तेव्हाही नव्हता. पाहुण्यांनी विचारलं, मुलीचे मामा दिसले नाहीत? तर मंगलचे वडील म्हणाले, औरंगाबादला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, सुट्टी मिळत नाही. जन्मात खोटं न बोललेल्या माझ्या नवऱ्याला तुझ्यापायी खोटं बोलावं लागलं. त्याचाही राग आहे. आता अंतरपाटाच्या वेळी मंगलच्या मागे कोण उभं राहणार, हा विषय आमच्याकडे रोज ताटावर निघतो आणि जेवण कडू करून जातो.

पाहुण्यांचा आग्रह होता की जालन्यातलं कार्यालय घ्यावं. आम्ही दोघं बघायला गेलो. तिथल्या मॅनेजरनं बसल्या जागेवरून विचारलं, ताटं किती धरायची? आकडा आगाऊ द्या, ऐन वेळी एक ताट वाढणार नाही. त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्याचा तो धंदाच आहे. पण मला त्याच्या जागी तू दिसलास. मी उठले, चप्पल घातली आणि सरळ रस्त्यावर आले. मंगलचे वडील मागून, काय झालं, काय झालं, करत आले. त्यांना म्हटलं, लग्न खळ्यावर होईल, आणि ताटं मोजायची नाहीत.

त्या रविवाराबद्दल तू कधी बोलला नाहीस, म्हणून आज मी बोलते. तुला बढती मिळाली होती. औरंगाबादजवळ डोंगराच्या कडेला ती नवी बाग निघाली होती, मोठाले पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मधोमध गावासारखं बांधलेलं ते हॉटेल. तू आपल्या वडीगोद्रीच्या किराणा दुकानात फोन केलास आणि दादांना सांगितलंस, सगळे या, जेवणाचं महिनाभर आधी बुकिंग करून ठेवलंय, सकाळी घरात चूलसुद्धा पेटवू नका. हेच तुझे शब्द. दादा दुकानातून निघाले ते छाती पुढे काढून. वाटेत भेटेल त्याला सांगत आले आणि दारातूनच आईला म्हणाले, "आपल्या पोरानं चूलबंद आवतण धाडलंय!"

त्याच घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची वेळ यावी, कमाल आहे. आपल्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. घरटी एक माणूस, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरातून धूर निघायचा नाही, त्या चुलीवरचं खाणारं एकूण एक माणूस पंगतीला यायचं. आणि आपल्या चुलीवर खातं कोण? दादा, आई आणि चांगुणाकाकू. काका गेले ते तुझ्या-माझ्या जन्माच्या आधी. तेव्हापासून आई शेतात आणि काकू चुलीपुढे. ती चूलच काकूची. मग आवतण चुलीला आलं पण काकूला नाही, असं वडीगोद्रीत कुणाच्या डोक्यात तरी येईल का? आम्ही तिघं आदल्या दिवशी तिथे पोचलो तेव्हा काकू पेटीतलं इरकली लुगडं काढून उन्हात घालत होती. मला म्हणाली, "भुजंग्यानं बोलावलं बाई, हाटेलात जेवाया. मंग म्या न्हाई कशी म्हणू?"

हॉटेलच्या दारात फेटा बांधलेल्या, धोतर नेसवलेल्या त्या पोरानं आमची डोकी मोजली आणि म्हणाला, एक जण जास्त होतोय. तू पुढे आलास. मला वाटलं, त्याला झापशील. तू आम्हाला झापलंस. काकूला आणायला कुणी सांगितलं होतं? इथं बुकिंग असतं, ही गावची पंगत नाही, एक जण वाढला तरी आधी कळवावं लागतं. मग आवाज गोड करून काकूला म्हणालास, तू जरा बाहेर बस, तुला मी पार्सल आणून देतो. सगळ्यांच्या देखत. तिनं तुझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बराबर हाय बाबा. मला कुठं एवढी भूक लागून राह्यली." सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, कारण तू चूल पेटवू नका म्हणाला होतास. बाहेर सिमेंटचे दोन बैल जुंपलेली सिमेंटची बैलगाडी होती. तिच्या जोखडाशी टेकून काकू बसली, ठेवणीतलं लुगडं आवरून.

आत काय होतं ते आठवतंय ना? एक बाई पगार घेऊन चुलीपुढे बसली होती, भाकरी थापत होती आणि शहरातली माणसं तिचे फोटो काढत होती. आईनं त्या भाकरीचे नुसते तुकडे केले. दादा मात्र खाली मान घालून सगळं संपवत होते, मुलाचा मान राहावा म्हणून. आणि आपल्याच टेबलाला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्यापुढे राखीवची पाटी. तुझे साहेब आणि त्यांच्या बाई येणार होत्या. वरण आलं, भात आला, साहेब काही आले नाहीत. तू सारखा दाराकडे बघत होतास. मी मूर्ख, मला वाटत होतं तू काकूकडे बघतोयस. आता उठेल, आता तिला हाताला धरून आणेल. मग कळलं की तू साहेबाची वाट बघतोयस. तेव्हा मी उठले आणि काकूजवळ जाऊन बसले. पार्सल आलंच नाही. तू विसरलास. परतताना पाचोडला जीप थांबवून मी तिला केळी घेऊन दिली, तर तिनं निम्मी मंगलला दिली.

मी खेड्यात राहते, पण बिलकुल अडाणी नाही. बुकिंग केलंस यात चूक नव्हती. त्या दिवशी बुकिंग नसलेली कुटुंबंच्या कुटुंबं गवतावर वेफर्स खात बसली होती, तेही मी पाहिलं. गर्दीच्या जागी महिनाभर आधी जागा धरावी, जरूर धरावी. पण जागा धरताना तुला दोन वेळा हस्तांदोलन केलेला साहेब आठवला आणि काकू आठवली नाही! अंबडला कॉलेजात होतास तेव्हा तुझा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. कंडक्टरच्या हातात तो कोण द्यायचं? आई नाही, मी नाही. थंडीच्या दिवसांत गाडी उशिरा आली तर काकू फाट्यावर डबा पदराखाली धरून उभी राहायची, भाकरी गार होऊ नये म्हणून. तू तिला कधी आधी कळवलं होतंस का रे, की उद्या मला भूक लागणार आहे?

तेव्हा मीही तुझ्याकडून शिकले. आपल्या भावकीतल्या चुलतभावाला, वसंताला, आगाऊ सांगून ठेवलं की मंगलचा मामा म्हणून त्यानं उभं राहायचं. मामाकडची पिवळी साडी त्याच्याच बायकोबरोबर जाऊन जुन्या जालन्यातून आणली. तुझी जागा भरली. परत येताना मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. वसंता सरळ माणूस, म्हणाला की भुजंग आला तर मी बाजूला होईन. मी म्हटलं, तो येत नाही आणि मी बोलावत नाही.

खरोखरच बोलावणार नव्हते. पण काकू आठ दिवसांपूर्वी कुरडया करायला आमच्याकडे आली. चुलीवरचा चीक घाटत होती, तेव्हा मी वसंताचं सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, "वसंता उभा ऱ्हाऊ दे, पोरगं चांगलं हाय. पर भुजंग्याचं पान वाढल्याबिगर म्या पंगतीला बसायची न्हाई." मी भडकले. ज्यानं तुला बाहेर बसवलं त्याच्यासाठी उपाशी राहणार? तर म्हणाली, "त्यो बी जेवला न्हवता बाई. म्या खिडकीतून पाह्यलं ना. त्याचा साहेब न्हाई आल्ता, लेकराच्या घशाखाली घास उतरला न्हाई." भुजंग, मी तुझ्याच टेबलाला बसले होते आणि तुझ्या ताटाकडे मी पाहिलं नाही. तिनं बाहेरून पाहिलं. म्हणून हे पत्र, माझ्या मनाविरुद्ध. तुला चूलबंद आवतण आहे, तुझ्या घरी त्या दिवशी गॅस पेटता कामा नये. येणार की नाही ते आधी कळवू नकोस, आमच्याकडे पानं मोजत नाहीत. माझ्याशी बोलायची गरज नाही, मीही बोलणार नाही. फक्त पंगतीला येऊन बस. काकूचा हट्ट तुला माहीत आहे. तू आला नाहीस तर अख्खं गाव जेवून उठेल आणि ती मांडवाबाहेर रस्त्याकडे बघत उपाशी बसेल. तुझ्यापायी ती एकदा तशी बसली आहे. पुन्हा बसली, तर मला बहीण म्हणू नकोस.

अजून तरी तुझीच,
पुष्पाताई