एकतिसाव्या दारावरचे शिक्के

९ सप्टेंबर, मंगळवार

ओदिलों आज पुन्हा कालव्याच्या एकतिसाव्या दारावर जाऊन शिक्का घेऊन आला! यंदाचा एकशेबारावा. सायकल क्लबची सचिव असल्यामुळे कार्डं तपासण्याचं भाग्य माझं. नियम साधा आहे — जिथवर गेलात तिथला तारखेचा शिक्का कार्डावर घ्यायचा. बेकरी, पोस्ट, कॅफे, कुठलाही चालतो. अख्खं खोरं मोकळं पडलंय. पण या गृहस्थाचं कार्ड उघडावं तर ओळीनं एकतिसावं दार, एकतिसावं दार, एकतिसावं दार. वाईला लहानपणी घनपाठ ऐकला होता. त्यातही याहून जास्त वैविध्य होतं.

कारण उघड आहे. त्या दारावर सोलांज असते. वरच्या पाण्यातल्या बोटी खालच्या पाण्यात उतरवायच्या, खालच्या वर चढवायच्या, आणि खिडकीतून आम्हा सायकलवाल्यांच्या कार्डांवर शिक्के मारायचे. एकतीस वर्षं हेच. विधवा, वय त्रेसष्ट, हात पैलवानाचे. ओदिलों अडुसष्टचा, विधुर, निवृत्त घड्याळजी. एकोणीस वर्षं हा मनुष्य अकरा किलोमीटर पेडल मारत जातो, "मॅडम, शिक्का" म्हणतो, "आभारी आहे" म्हणतो आणि परत फिरतो.

ऑक्टोबरअखेर सोलांज निवृत्त होतेय. तुलोंला बहिणीकडे जाणार, कायमची. साप्ताहिकानं माझ्याकडे निरोपाचा लेखही मागितलाय. म्हणजे उरले बावन्न दिवस. ओदिलोंच्या चालीनं पुढचं वाक्य यायला अजून एकोणीस वर्षं लागतील.

११ सप्टेंबर, गुरुवार

क्लबची फेरी. कालव्याकाठची वाट, पूर्वी घोडे बोटी ओढत चालायचे ती. पॉपलरची पानं पिवळी पडायला लागलीत. मी मुद्दाम ओदिलोंच्या मागे राहिले आणि खिडकीपाशी कान लावला. संवाद जसाच्या तसा:

"मॅडम, शिक्का."

"घ्या. वारा फिरला आज."

"फिरला खरा."

"परत जाताना समोरून लागेल."

"लागेल."

संपलं! साहित्यशास्त्रात विरहाच्या दहा अवस्था शिकले होते. वाऱ्याची दिशा ही अकरावी असावी.

वाटेत ओदिलों मला म्हणाला, "सचिवबाई, त्या दाराजवळचं काटेरी कुंपण छाटायला हवं. उन्हाळ्यात माझी चार पंक्चरं झाली तिथे. चारही मागच्या चाकाला. आणि काटा एकदाही सापडला नाही, गळूनच पडतो मेला."

मी गंभीरपणे म्हणाले, क्लबतर्फे अर्ज करते. पण डोक्यात दिवा लागला. पंक्चर! पंक्चर झालेला माणूस "आभारी आहे" म्हणून पळू शकत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

क्लबच्या फळ्यावरची एक हिरवी ड्रॉइंग पिन खिशात टाकली. फ्रेंच नागरिकत्व घेतल्यापासूनचा हा माझा पहिला गुन्हा.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बेत चोख होता. बाराला दहा कमी असताना एकतिसावं दार गाठायचं, पिन टोचायची, बारा वाजता सोलांजची जेवणाची सुट्टी लागते. दार बंद, बोटी थांबलेल्या, आत मोहरीतला ससा शिजतोय, बाहेर एक असहाय पुरुष. माणुसकीच्या नात्यानं ती आत बोलावणारच.

ओदिलों नळावर बाटली भरत होता तेवढ्यात मी काम उरकलं. फुस्स!

साडेसहा मिनिटं! चाक काढलं, ट्यूब बदलली, हवा भरली, हात पुसले. घड्याळजी तो घड्याळजीच. पिन मात्र सापडली. ती त्यानं अदबीनं सोलांजच्या हातावर ठेवली — "कुणाच्या पायात जायची." तिनं पिनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मी बदकं बघत होते.

तरी सोलांज म्हणाली, "ससा दोघांना पुरेल." देवा! आणि हा काय म्हणाला असेल? "छे छे मॅडम, बारा वाजले. तुमची सुट्टी. माझ्यामुळे नको." टोपीला हात लावून गेला!

घरी येऊन थिबोला सांगितलं. नवरा पेपरातून मान न काढता म्हणाला, "तू त्यांच्या मध्ये पडू नकोस." म्हटलं, मध्ये पडायला त्यांच्यात काहीतरी असावं लागतं. तेच तर जमवतेय.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज ओदिलोंचा पंप पळवला. चाकातली थोडी हवाही सोडली. (दुसरा गुन्हा. सवय लागतेय.)

प्रगती आहे! सोलांजनं घरातून आपला जुना उभा पंप आणला. ती नळी धरून ओणवी, हा पंप मारतोय. दोघांची डोकी हातभर अंतरावर. मी झाडामागून बघतेय, श्वास रोखून. ओदिलोंनं तोंड उघडलं आणि सात मिनिटं बोलला. व्हॉल्व्हवर. दोन प्रकारच्या व्हॉल्व्हमधला फरक, त्यांचा इतिहास, कुठला का श्रेष्ठ. ती शेवटपर्यंत ऐकत होती. "हो का?" सुद्धा म्हणाली, दोनदा.

हे प्रेमच आहे. दुसऱ्या कशानंही माणूस एवढं सहन करत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

महिन्याचा पहिला गुरुवार, कार्डं तपासायचा. ओदिलोंच्या कार्डात चक्क चूक! कालचा शिक्का — १२ एप्रिल, तेही पुढच्या वर्षीची. नियम सातवा: चुकीच्या तारखेचा शिक्का बाद. मी लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारली, वर ठसठशीत "रद्द" लिहिलं आणि कार्ड त्याच्या हातात दिलं.

"जा, सुधारून आणा. सोलांजचंही वय झालं म्हणायचं."

ओदिलों दुखावला. "सचिवबाई, त्या रोज सकाळी पाण्याची पातळी पाटीवर लिहितात आणि मगच शिक्क्याची तारीख फिरवतात. एकतीस वर्षांत चुकल्या नाहीत."

"मग आता चुकल्या. नियम तो नियम."

त्यानं कार्ड खिशात घातलं. नियम त्याच्या रक्तातच आहे. शिवाय — एक जास्तीची खेप! मी स्वतःवरच खूश.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ओदिलों दारात उभा. चेहरा थांबलेल्या घड्याळासारखा.

"त्या रागावल्या बहुतेक. कार्ड दाखवलं. लाल रेघ बघून म्हणाल्या, हेच उत्तर समजू का? मी म्हटलं, होय मॅडम, नियम सातवा. त्या म्हणाल्या, बरं. आणि खिडकी लावून घेतली."

"शिक्का?"

"मारलाच नाही."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

५ ऑक्टोबर, रविवार

बेकरीत कळलं. सोलांजनं बहिणीला पक्का होकार कळवला. महिनाअखेरपर्यंत थांबणारही नाही. शिल्लक रजा घेऊन याच शनिवारी सामानाचा ट्रक बोलावलाय. बेकरीवाली म्हणाली, "परवापर्यंत तर म्हणत होती, दारावरचं ते घर भाड्यानं घेऊन इथेच राहीन कदाचित. काय झालं कोण जाणे!"

जेवताना थिबोला हे सांगत होते. त्यानं सूप ढवळत विचारलं, "पुढच्या वर्षी बारा एप्रिलला काय आहे?"

"रविवार. आपली मोसमातली पहिली फेरी."

बोलले, आणि चमचा हातातच राहिला.

एप्रिलमध्ये ती तुलोंला असायला हवी. तिथून इथला शिक्का कोण मारणार? जी बाई एकतीस वर्षांत तारीख चुकली नाही, तिनं शिक्क्याची चाकं फिरवून फिरवून तारीख सहा महिने पुढे नेली — आणि विचारलं. याल ना, वसंतात? मी असेन इथे. तुम्ही फक्त हो म्हणा.

आणि मी त्यावर लाल पेन्सिल फिरवली! त्या बैलोबानं ते कार्ड तिच्या हातात नेऊन दिलं आणि वर म्हणाला, होय मॅडम, नियम सातवा!

अकरा वर्षं संस्कृत काव्य शिकले, सव्वीस वर्षं इथल्या पोरांना शिकवलं. नायिकेचा संकेत ओळखता आला नाही. पदवी परत करावी.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळभर धीर गोळा केला. साडेअकराला ओदिलोंकडे गेले. सगळं सांगितलं — पिन, पंप, तारीख, रेघ. पंप टेबलावर ठेवला. तो पंपाकडेच बघत राहिला.

"म्हणजे त्या चुकल्या नव्हत्या."

"नाही. मी चुकले."

"मी म्हटलंच होतं तुम्हाला," — आणि चक्क हसला! मग उठला, विजारीला क्लिपा लावल्या, टोपी घातली. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांनी एकदम बाराचे ठोके दिले आणि हा दारात थबकला.

"पण आता तर जेवणाची सुट्टी."

"ओदिलों!"

"एकला पोचेन अशा बेतानं निघतो."

"निघा! आत्ता! शनिवारी ट्रक येतोय!"

त्यानं एकदा घड्याळांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि गेला. भर जेवणाच्या सुट्टीत, समोरून वारा, अडुसष्टव्या वर्षी उभं राहून पेडल मारत! पुलावरून वळला तेव्हा लक्षात आलं — शिक्क्याचं कार्ड टेबलावरच राहिलंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काही बातमी नाही. थिबोनं माझी पेन्सिलींची डबी कपाटात ठेवून कुलूप लावलंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

फेरीला ओदिलों नाही. एकतिसाव्या दारावर पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. खिडकी बंद. काचेवर सोलांजच्या अक्षरातली पाटी: "जेवणाची सुट्टी."

दहा वाजता!

दोन बोटी ताटकळत होत्या. एकीतला डच म्हातारा वैतागून मला म्हणाला, "बाई, या देशात जेवतात तरी किती वेळ?" म्हटलं, परिस्थितीवर अवलंबून आहे.

भिंतीला ओदिलोंची सायकल टेकलेली. मागचं चाक बसलेलं, आणि दुरुस्त करायची कुणालाच घाई दिसली नाही. ट्रकवाल्याला सोलांजनं नको म्हणून कळवलंय, हे परत येताना बेकरीत कळलं. साप्ताहिकाला मी कळवलं: निरोपाचा लेख मिळणार नाही.

तेव्हा यश म्हणायचं ते माझंच. माझ्या पिनेनं सुरुवात झाली, हे इतिहासात नोंदलं जायला हरकत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

पोस्टानं पाकीट आलं. आत एक हिरवी ड्रॉइंग पिन, आणि सोलांजच्या अक्षरात दोन ओळी:

"ही तुमची, सचिवबाई. उन्हाळ्यातल्या चार माझ्या."