'मालक & मालकीण' पुसताना

प्रिय दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमचं पित्त आणि ताईची कंबर, दोन्ही सध्या ताब्यात असतील अशी आशा आहे. माझं विचाराल तर हे मोबाईलवर घाईघाईत लिहितोय, तेव्हा टायपिंगच्या चुका पोटात घाला. (फोन करत नाही, कारण स्टुडिओत माझं टेबल आणि मालकांची खोली यांच्यामध्ये नुसतं प्लायवूड आहे आणि पलीकडे मालक खुशीत शीळ घालतायत.)

झालं ते असं. येत्या परवा मालकांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. आयुष्यभर काढलेले निवडक फोटो त्यांनी 'मालक' या फोल्डरमध्ये ठेवलेले. शेजारी दुसरं फोल्डर, 'मालक & मालकीण'. त्यातला एकही फोटो मालकीणबाईंना पसंत पडला नाही (सगळ्यांत मालकच चांगले आलेत म्हणे), म्हणून ते पुसायला मला सांगितलं. मी तुम्ही लिहून दिलेल्या साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये (म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या त्या हुकुमांच्या यादीत) एक ओळ वाढवली. तुम्ही बजावलं होतंत, "बाबा रे, नावात & आलं तर आख्खं नाव अवतरणचिन्हांत कोंड, नाहीतर कॉम्प्युटरला वाटतं एक हुकूम तिथे संपला आणि पुढे दुसरा सुरू झाला." मला वाटलं, एवढ्याशा चिन्हाचं काय घेऊन बसलात! कॉम्प्युटरने 'मालक' पर्यंत वाचलं, ते फोल्डर मुळासकट पुसलं (कचरापेटीतसुद्धा नाही हो!), आणि मग 'मालकीण' हा हुकूम समजून पाळायला गेला. असला हुकूम मी ओळखत नाही, असं त्याने पडद्यावर लिहून दिलं. या स्टुडिओत असं म्हणायची हिंमत करणारा तो पहिलाच.

 मग चूक सुधारावी म्हणून अवतरणचिन्हं घातली आणि ती नीट बसली का, हे बघायला स्क्रिप्ट पुन्हा चालवली. दाजी, तुमची स्क्रिप्ट उत्तम चालते. आता दुसरंही फोल्डर नाही. त्यातले चार फोटो तरी भिंतीवर लागले असते.

शीळ आत्ताच थांबली. मालक दारात आले. "चल, फोटो निवडायला बसू."

"कॉम्प्युटर जरा तापलाय."

"आणि तुला का घाम फुटलाय?"

"मीही तापलोय."

तुमचा भेदरलेला
मेहुणा

ता. क. पुसलेलं परत आणायचं ते सॉफ्टवेअर घेऊन आजच या. त्या डिस्कला मी नंतर बोटही लावलेलं नाही.

आणखी एक ता. क. मालकांना शेवटी सांगून टाकलं. स्क्रिप्ट तुमची, हे आधी सांगितलं. ओळ माझी, हे सांगायला उसंतच मिळाली नाही. ते अजिबात ओरडले नाहीत. फक्त तुम्ही नक्की येणार ना, हे पुन्हा पुन्हा विचारतायत. तुम्ही पुढच्या दाराने या. मागच्याने मी निघतोय.