कार्डावरचा सणाचा पोशाख

प्रिय नाइग,

चार वर्षांनी तुझं पत्र आलं. पॅरिसचा शिक्का पाहून पोस्टमन दारातच घुटमळला. जत्रेला येतेस, बाबांशी अबोला सोडतेस, त्यांच्यासाठी तंबाखू घेऊन ठेवलीस, सगळं वाचलं. ये. मात्र निघण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आपली लेसची टोपी सोडून तू हॅट घालून चर्चमध्ये आलीस, बाबांनी आकाशपाताळ एक केलं आणि तू पत्ताही न देता आगगाडीत बसलीस. हट्टात दोघं सारखेच. तेव्हापासून दर शनिवारी मी माझ्या टोपीबरोबर तुझीही कांजी करून इस्त्री करते. वेडेपणाच, पण करते.

गेल्या उन्हाळ्यात केंपेर शहरातून फोटोवाला आला. आपल्या भागातल्या बायकांच्या फोटोंची पोस्टकार्डं पॅरिसच्या स्टेशनाजवळ विकतात म्हणाला, आणि मला तूच आठवलीस. पोरगी कधीतरी त्या दुकानावरून जाईल, तिला आई दिसेल. त्याची अट एकच, सणाचा पोशाख हवा. मी पेटीतून पिवळ्या भरतकामाची चोळी काढली. शेजारची शानिग कुंपणावरून बघत होती.

“मारिवोन, आज हे कपडे? गाव तोंडात शेण घालेल तुझ्या.”

“घालू दे. लेक तर बघेल.”

तू ते कार्ड बघितलंस, विकतही घेतलंस. तू लिहितेस, आई सणाच्या कपड्यांत दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला, म्हणजे तू गेलीस तेव्हाचा बाबांचा खोकला बरा झाला. हॅट घातलीस तरी पोशाखावरून घरची खबर ओळखायला विसरली नाहीस. त्याचंच मला रडू आलं.

नाइग, बाबा त्याच खोकल्यानं गेले, फोटोच्या सात आठवडे आधी. कळवायला तुझा पत्ता नव्हता. काळे कपडे मी तासाभरासाठी उतरवले आणि फोटोवाला गेल्यावर पुन्हा घातले, ते अजून अंगावर आहेत. तुला भेटायच्या हव्यासात मी तुला खोटी खबर धाडली, मला माफ कर. स्टेशनात मला अशी बघून तू तिथेच कोसळली असतीस, म्हणून आधी लिहिते आहे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी तुझी टोपी मागून घेतली, बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, “आली तर हॅटमध्येच येऊ दे तिला.” तंबाखू आण. हॅट घालूनच ये.

वाट बघणारी,
तुझीच आई