आश्लेषासाठी ज्वारीची बीअर

४ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. आश्लेषा नोकरीसाठी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेल्यापासून संध्याकाळी वेळ उरतो, तो सत्कारणी लावायचा. तिची तिकडची नोकरी टेम्पररी आहे. सगळ्या सूटकेसेस आणि मिक्सर नेला, पण टेम्पररी.

संकल्प: बायकोसाठी घरी बीअर बनवणे. तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू किंवा बार्लीचा कण जरी पोटात गेला तरी आठवडाभर आडवी. बीअर बार्लीची, म्हणून डायग्नोसिसपासून बंद. पार्टीत बिचारी स्पार्कलिंग वॉटर धरून उभी असते. मेअखेरीस मेमोरिअल डेच्या सुट्टीत ती इथे शिकागोजवळ, शॉमबर्गला येणार आहे, ‘घराचं काय ते ठरवायला’. तेव्हा समोर थंडगार ग्लास ठेवायचा. ज्वारीत ग्लूटेन नसतं. प्रश्न मिटला.

१० फेब्रुवारी
इंडियन ग्रोसरीतून ज्वारी आणली. काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, एवढ्या भाकऱ्या कोण थापणार? मी नुसता हसलो. लोकांना व्हिजन नसते.

भिजत घातली. मोड आणायचे, वाळवायची, भरडायची. ज्याला मटकीला मोड आणता येतात त्याला हे यायलाच पाहिजे. (मटकी आश्लेषा करायची. पण मी बघितलेलं आहे.)

१५ फेब्रुवारी
मोड आले! बेसमेंटमध्ये चांगल्या चादरीवर पसरली. चादर तिने नेली नाही, म्हणजे चालेल.

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, बुरशी आलीये. मी म्हटलं, लाइटमुळे तसं दिसतं. मग म्हणाली, आश्लेषा दिसत नाही बऱ्याच दिवसांत. ऑफिसला गेलीये म्हटलं. खोटं नाही.

२ मार्च
पहिली बॅच. पातेल्यात इतकं घट्ट झालं की झारा उभा राहिला. देवांगला फोन केला. देवांग माझ्या टीममधला, दोन गल्ल्या सोडून राहतो, गॅरेजमध्ये बार्लीची साधी बीअर करतो. म्हणाला, ज्वारीच्या स्टार्चची साखर करायला एन्झाइम विकत आणून घालावं लागतं, नाहीतर यीस्टने खायचं काय? मी म्हटलं, मला नॅचरल करायचीये. बादलीत ओतून यीस्ट टाकलं.

९ मार्च
एकही बुडबुडा नाही. चाखली. आंबील झालीये. आंबील म्हणून उत्तम. ताक-मीठ घालून रोज जेवतोय. म्हणजे बॅच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

१७ मार्च
आश्लेषाचा फोन. घर विकायचं रिअल्टरशी बोललास का? म्हटलं, बोलतो. बीअरचं सांगितलं नाही, सरप्राइज आहे. मध्येच म्हणाली, “निमिष, ऐकतोयस ना?” ऐकत होतो. बादलीकडे बघत ऐकत होतो.

१४ एप्रिल, रविवार
दुसरी बॅच. एन्झाइम घातलं. (तेही नॅचरलच असतं, वाचलं.) रस गोड झाला! देवांग म्हणाला होता, पूर्ण गार झाल्यावर यीस्ट टाक. गार व्हायला फार वेळ लागतो. कोमट होता. बऱ्यापैकी कोमट.

१६ एप्रिल
यीस्ट शिजून मेलं. दुसरं पाकीट शुक्रवारी येणार, तोवर रस नासेल. देवांगने त्याच्या बादलीच्या तळाचं यीस्ट बरणीत काढून दिलं. दोनदा बजावलं, यात माझी बार्ली आहे, ही बॅच वहिनींना द्यायची नाही, फक्त प्रॅक्टिस म्हणून कर. बरं म्हटलं.

संध्याकाळी: बुडबुडे! टोपणातून सारखी गुडगुड. खाली कुणीतरी बोलतंय असं वाटतं. खुर्ची नेऊन बेसमेंटमध्येच जेवलो.

५ मे
बाटल्या भरल्या. तिसरी बॅच करायला आता वेळ नाही. शांतपणे विचार केला. यीस्ट सगळं खातं. एवढ्या मोठ्या बादलीत देवांगची बार्ली ती केवढी, तीही खाल्लीच असणार. देवांगचा स्वभावच घाबरट आहे, कार लॉक झाली का हे परत जाऊन बघतो.

लेबलं प्रिंट केली. ‘आश्लेषा. ज्वारी. ग्लूटेन-फ्री.’ छापील दिसलं की खात्री वाटते.

२४ मे, शुक्रवार
आली. ओहेअर एअरपोर्टला घ्यायला येतो म्हटलं तर नको म्हणाली, उबर केली. केस कापलेत. छान दिसतात. सांगायचं राहिलं. बॅग गेस्ट रूममध्ये ठेवली. टाइम झोनचा परिणाम असेल.

२५ मे
दिली. बाटली हातात धरून बराच वेळ बघत राहिली. “तू केलीस? माझ्यासाठी?” मग विचारलं, “नक्की ना रे? काही मिक्स नाही ना?” मी म्हटलं, लेबल वाच. ती हसली. तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. अख्खा ग्लास प्यायली, वर आणखी थोडी.

डेकवर बसलो. तिथल्या अपार्टमेंटबद्दल सांगत होती. कॅलट्रेनचा भोंगा घरात ऐकू येतो, आधी त्रास व्हायचा, आता आवडतो म्हणाली. मी म्हटलं, इथे कसलाच आवाज नाही.

२६ मे
सकाळपासून बाथरूममध्ये. विमानात काही खाल्लं होतंस का, असं दाराबाहेरून विचारलं. तिने नळ सोडला. पेज करू का विचारलं. मला येत नाही, पण यूट्यूब आहे.

२७ मे
सोफ्यावर पडून आहे. पांढरी पडलीये. विमानाचं तिकीट पुढे ढकललं. जमेची बाजू: मुक्काम वाढला.

दुपारी देवांग सूप घेऊन आला. दारातच म्हणाला, “माझ्या यीस्टची बॅच दिली नाहीस ना वहिनींना?” मोठ्याने. आमचं घर ओपन प्लॅनचं आहे, दारातलं सोफ्यापर्यंत ऐकू येतं.

तो गेल्यावर ती म्हणाली, “तुला माहीत होतं.” मी यीस्ट काय काय खातं ते समजावायला लागलो. “थांब,” म्हणाली. “मी विचारलं होतं तुला. हातात बाटली धरून विचारलं होतं.” रडली नाही, ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. मी पेज गरम केली. गार झाली तेव्हा परत गरम केली.

३१ मे, शुक्रवार
गेली. निघण्याआधी घराचे कागद टेबलावर ठेवले. सह्यांच्या जागी पिवळे स्टिकर लावले होते. केल्या. म्हणाली, डिव्होर्सचं नंतर बोलू, आत्ता अंगात ताकद नाही. हा शब्द या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडा वेळ बसून राहिलो.

उबर आल्यावर दारात वळून म्हणाली, “चव चांगली होती, निमिष. खरंच.”

८ जून
उरलेल्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. फेस बराच आला. देवांगने चांगला फेस म्हटलं असतं.

दुपारी रीमा नावाची रिअल्टर आली. बेसमेंटमध्ये म्हणाली, वास कसला? ज्वारीचा, म्हटलं. फोटोसाठी सामान हलवायला सांगितलं. हलवलं. तिने चारी बाजूंनी फोटो काढले. म्हणाली, जागा छान मोठी आहे, लिस्टिंगमध्ये ‘फॅमिली रूम’ म्हणून टाकू या का?

टाका म्हटलं.