पन्नास भोकांच्या पट्टीची निरवानिरव

मी, अंगद रखमाजी वायाळ, वय चौपन्न, धंदा छपाई, राहणार परतूर, पुढील मजकूर पूर्ण शुद्धीत आणि आपल्या खुशीने लिहून ठेवतो. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवताना माझ्यावर जो अन्याय झाला, त्याची नोंद सर्वांत आधी व्हावी. एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर बसवून डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. डॉक्टर बोटं मोजून म्हणाले, "सहासष्ट." मी म्हणालो, "बराबर, सहासष्ट." सही त्यांच्या हातात होती. मन ठिकाणावर असल्याचा याहून मोठा पुरावा मजपाशी नाही.

मार्चात छातीत दोन स्टेंट बसले, म्हणून ही घाई.

१. राहते घर, गच्चीवरच्या टाकीसह, आणि बँकेतली ठेव पत्नी सौ. शालू हिची. टाकी गळते. हे तिला माहीत आहे, कारण वीस वर्षं तीच सांगत आली आणि मी "उद्या" म्हणत आलो. "मेल्यावर टाकी देण्यापरीस आत्ता दुरुस्त करा," असे तिने हे कलम वाचून सुचवले. सूचना नोंदवली आहे.

२. छापखानाही शालूच्या मालकीचा. चालवेल धम्मपाल, जो पंधरा वर्षं चालवतोच आहे. मी नुसता गल्ल्यावर बसून अक्कल वाटतो. त्याला एकच ताकीद. लग्नपत्रिकेतले मामा मोजून घ्यावेत. एक मामा सुटला तर लग्न मोडत नाही, छापखाना मोडतो.

३. हे कलम मुख्य, बाकीची त्याच्या सोबतीला आहेत. कन्या स्वरा, वय अकरा, नुकतीच पाचवी पास. माझ्या पश्चात तिला गोल काळे करायच्या त्या खासगी प्रज्ञाशोध परीक्षेला बसवू नये; तिने स्वतः हट्ट धरला तर गोष्ट वेगळी. गावाकडची माझ्या वाट्याची दीड एकर थोरले बंधू कल्याणदादा यांनी कसत राहावी, पण ज्या दिवशी ते स्वराच्या नावाने असा फॉर्म भरतील, त्या दिवशी ती जमीन शालूच्या ताब्यात जाईल. अट कडक वाटेल. परंतु दादाला मी ओळखतो. माझ्या तेराव्याला पंगत उठायच्या आत तो खिशातून फॉर्म काढील.

४. यंदा जानेवारीत स्वराला परीक्षेतून वगळण्याचा अर्ज घेऊन मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक सर्जेराव टेकाळे यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वायाळ, कारण लिहा. आजारी हाय का पोरगी?"

"न्हाई सर, चांगली हाय. तशीच राहावी म्हणून."

"असलं कारण रकान्यात बसत न्हाई."

"रकाना मीच छापलाय, सर. रुंद करून देतो."

पाहता पाहता आणखी सोळा पालकांनी अर्ज दिले. कोरे अर्ज मी फुकट छापून वाटले. परीक्षेच्या दिवशी सरांनी त्या सतरा पोरांना मैदानातलं गवत उपटायला लावलं. पोरांनी घटकाभरात गवत उपटून तिथंच गोट्यांचा डाव मांडला आणि आतली पोरं खिडकीतून बघत बसली. सरांना मी छापखान्यातली चारशे कोरी अभिनंदनपत्रे देतो. नाव त्यांनी हवे तेव्हा स्वतःचे घालावे.

दादाने मात्र भर बाजारात हटकले. "अंगद्या, पोरगी कच्ची हाय म्हणून लपवून राह्यला का? आमच्या ऋषीकडं बघ. केंद्रात पहिला आल्ता!"

५. पुतण्या ऋषी गेल्या साली पहिला कसा आला, ते आता लिहून ठेवतो.

त्या परीक्षेच्या छपाईचं काम माझ्याकडे होतं. तपासणीसाठी पुठ्ठ्याची पट्टी असते. पन्नास प्रश्न, बरोबर उत्तरांच्या जागी पन्नास भोकं. पट्टी उत्तरपत्रिकेवर ठेवायची. भोकातून काळा गोल दिसला की एक मार्क. ती पट्टी मीच कापली आणि चौथ्या प्रश्नापासून पुढची सगळी भोकं एक ओळ खाली सरकली. ऋषीची चौथी ओळ चुकून कोरी राहिली होती आणि तिथून पुढची सगळी उत्तरं त्यानंही एक ओळ खालीच काळी केली होती. चुकीला चूक भेटली. दादाने चौकात फ्लेक्स लावला.

स्वराला बारा मिळाले. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही.

महिन्याभरात उत्तरपत्रिका रद्दी म्हणून माझ्याकडेच आल्या, सोबत ती पट्टीही. लावून पाहिली, तर भोकं सरकलेली. सगळे पेपर नव्यानं तपासले. स्वराचे खरे चौतीस. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. छपाईचं काम हातचं जाईल म्हणून गप बसलो. मंग यंदा अर्ज दिला, तर लोक मला विचारवंत म्हणायला लागले, आणि मी म्हणू दिलं.

ऋषीला कुणी रागवू नये. त्याचे खरे मार्क मी कुठेही लिहिलेले नाहीत. दादाला ते कळले तर घरात रोज परीक्षा सुरू होईल.

६. खरी पहिली शिवकन्या, स्वराच्या बाकावरची. तिला पट्टीने अकरा दिले. "अकरा मार्कांसाठी जीपचा खर्चा कशाला?" म्हणून वडिलांनी तिला परतूरच्या शाळेतून काढून गावच्या शाळेत घातलं. तिचे खरे मार्क एकोणपन्नास.

माझ्या पश्चात हा निकाल तिच्या घरी कळवावा, असे या कलमात मी लिहिले होते. शालूने ते वाचून कागद माझ्यापुढे सरकवला. "पोरीनं तुमच्या मरायची वाट बघायची का?"

आज सकाळी गेलो. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सालभर कुठं होते तुम्ही?" शिवकन्या दाराला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "काका, एक कोणता चुकला?"

मला माहीत नव्हतं. तसाच परतूरला आलो, रद्दीच्या गठ्ठ्यातून तिचा पेपर आणि एक प्रश्नपत्रिका काढली आणि पुन्हा तिच्या गावी गेलो. एकतिसावा निघाला. ओसरीवर बसून तिने तो प्रश्न पुन्हा सोडवला, माझी मदत न घेता. पेपर तिच्याकडेच ठेवून आलो.

सबब कलम सहा माझ्या वारसांवर बंधनकारक नाही. ते माझ्या हयातीत पुरे झाले.

ठिकाण: परतूर, जि. जालना
दिनांक: २७ मे २०२५
सही: अंगद रखमाजी वायाळ

साक्षीदार, समक्ष वाचून सही केली:
१. राधेश्याम मानधने, स्टेशनरी दुकानदार
२. धम्मपाल खरात, मशीनमन